३८ किलोचं पोर, ७४ किलोचं पोर

पत्र

सर, नमस्कार.

आम्ही सिडनीत वेंटवर्थविलला राहतो. मुलगा येत्या नोव्हेंबरात १३ पूर्ण करेल. दोन वर्षांपूर्वी शाळेतल्या मित्रांमुळे त्याला रग्बी लीगचं वेड लागलं. मी क्रिकेटवाला माणूस, पण त्याचा हट्ट म्हणून क्लबात नाव घातलं. यंदा तो १३ वर्षांखालच्या संघात आहे. वजन ३८ किलो. त्याच्याच संघात एक आयलँडर मुलगा आहे, वजन ७४, ओठांवर मिसरूड. समोरच्या संघांत असे दोन-तीन असतातच. सौ. दर शनिवारी मैदानावर डोळे मिटून बसते. गेल्या महिन्यात डेव्हलपमेंट स्क्वॉडची निवड झाली. ‘खेळ चांगला आहे, पण अंग नाही’ असं सांगून याला परत पाठवलं. तेव्हापासून तो प्रोटीन पावडर मागतो, जिम लावायची म्हणतो, रात्री आरशासमोर उभा राहून दंड फुगवतो. इथले जुने लोक सांगतात, पूर्वी लीगचे खेळाडू तुमच्याआमच्यासारखे दिसायचे, आता नुसते राक्षस. मग आपल्या हाडापेराच्या मुलाने या खेळात राहावं का? की आत्ताच क्रिकेटकडे वळवावं? सांगलीहून आई रोज फोनवर विचारते, ‘अजून खेळतोय का तो ते मारामारीचं?’

एक बाबा

उत्तर

प्रिय बाबा,

पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहून गेलात. ‘येत्या नोव्हेंबरात १३ पूर्ण करेल.’ इथे वयोगट जानेवारी ते डिसेंबर असा धरतात. म्हणजे तुमचा मुलगा संघातल्या जवळपास सगळ्यांहून धाकटा. जानेवारीत जन्मलेला गडी त्याच्यापेक्षा दहा महिन्यांनी मोठा, आणि या वयात दहा महिने ही थोडीथोडकी गोष्ट नाही. त्यात वयात येण्याचा हिशेब निराळाच. मुलग्यांची उंची सरासरीने १४व्या वर्षाच्या आसपास झपाट्याने वाढते, पण कुणाची १२व्या वर्षीच सुटते, तर कुणाची १६व्यापर्यंत रेंगाळते. वजन आणि स्नायू उंचीच्या मागून येतात. दोन पोरांच्या जन्मदाखल्यावर साल एकच असलं तरी हाडांचं वय काढलं तर त्यांच्यात तीन-चार वर्षांचं अंतर निघू शकतं. तुम्ही कोवळी कैरी पाडाच्या आंब्याशेजारी ठेवून तोलताय.

मी स्वतः सांगली जिल्ह्यातलाच. कबड्डीत कोपरारक्षक होतो, वजन ४८ किलो, तेही ओल्या कपड्यांसकट. १९९१ साली इथे आलो आणि लीगचा पहिला सामना पाहिला तेव्हा मनात आलं, अरे, ही तर आपलीच कबड्डी! एक जण चेंडू छातीशी धरून समोरच्या फळीवर चाल करून जातो, दोघं-तिघं मिळून त्याला आडवा करतात (यालाच टॅकल म्हणतात), तो उठतो, चेंडू टाचेने मागे सारतो, की पुन्हा चढाई. अशा सहा चढाया झाल्या की चेंडू समोरच्यांचा. १९६७पर्यंत तर चढायांना मर्यादाच नव्हती. मग चारची आली, आणि १९७१पासून सहा. फरक एवढाच, की आपल्याकडे किशोर-कुमार गटात वयाच्या दाखल्याबरोबर वजनकाट्यावरही उभं राहावं लागतं. न्यूझीलंडमध्ये ऑकलंडकडे पोरांच्या रग्बीत वजनाचे गट पाडायची जुनी रीत आहे. सिडनीत मात्र सर्वसाधारणपणे गट ठरवतो तो एकटा दाखला. त्यामुळे सौं.ची भीती अगदीच वेडी नाही, हे आधी मान्य करतो.

आता जुन्या लोकांचं म्हणणं. ते खरं आहे, पण त्यांनी कारणं सांगितली नसणार.

हा खेळ जन्मला तोच बुडालेल्या रोजावरून. २९ ऑगस्ट १८९५ रोजी उत्तर इंग्लंडमधले क्लब हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात जमले आणि रग्बी युनियन या मूळ संघटनेपासून फुटले. खाणीत आणि गिरणीत राबणाऱ्या खेळाडूला सामन्यापायी बुडालेली मजुरी भरून द्यायची की नाही, वाद एवढाच. गिरणगावातल्या आपल्या कबड्डी मंडळांना हा वाद चटकन कळला असता. १९०६मध्ये संघ १५ जणांचा १३ जणांचा केला, १९०८मध्ये सिडनीत पहिला हंगाम झाला, आणि त्यानंतर जवळपास ऐंशी-नव्वद वर्षं या खेळाडूंचं अंग घडलं ते त्यांच्या कामातून. गोदीत गोणी वाहून, खाणीत फावडं मारून, शेतात गुरांमागे पळून. संध्याकाळी दोन-तीन दिवस सराव, शनिवार-रविवारी सामना, त्यावर बिअर, सोमवारी पुन्हा कामावर. माल मेनिंगासारखा खेळाडू पोलिसात नोकरीला होता. आर्थर बीटसन हा भला दांडगा गडी आणि नावाजलेला खवय्या. ८ जुलै १९८० रोजी स्टेट ऑफ ओरिजिनचा, म्हणजे क्वीन्सलँड विरुद्ध न्यू साउथ वेल्स या लढतीचा, पहिला सामना झाला तेव्हा तो वयाच्या ३५व्या वर्षी क्वीन्सलँडचा कप्तान होता. त्या काळी पोरांचीही वेगळी काळजी कुणी घेत नसे. १९२९मध्ये रे स्टेर १६व्या वर्षी मोठ्यांच्या पहिल्या दर्जात उतरला होता, आणि १९८९मध्ये ब्रॅड फिटलर पेनरिथकडून उतरला तेव्हा तो अजून शाळेत जात होता.

मग पैसा आला. १९९५मध्ये मर्डॉक आणि पॅकर या दोन धनदांडग्यांची टीव्हीच्या हक्कांवरून जुंपली, १९९७मध्ये तर देशात दोन वेगळ्या स्पर्धा चालल्या, आणि समेट होऊन १९९८ला आजची एनआरएल, म्हणजे नॅशनल रग्बी लीग ही इथली सर्वोच्च स्पर्धा, उभी राहिली. त्या भांडणात खेळाडूंचे पगार असे वाढले की नोकरीची गरजच उरली नाही. अंग घडवणं हीच नोकरी झाली. व्यायामशाळा, आहारतज्ज्ञ, पाठीवर जीपीएस, चिमट्याने चरबी मोजणं हे सगळं त्याच्या मागोमाग आलं.

पण पैशाइतकाच हात नियमांचा आहे, आणि तो कुणाच्या लक्षात येत नाही. १९९३मध्ये बचावाची फळी चेंडूपासून ५ऐवजी १० मीटर मागे उभी करायला लावली. विचार करा, दोन्हीकडचे गडी आता दुप्पट अंतरातून वेग घेऊन एकमेकांवर येणार. त्याच दशकात काही काळ बदली खेळाडूंवर मर्यादाच ठेवली नव्हती. मग काय, ११० किलोचा प्रॉप, म्हणजे फळीवर घुसणारा आघाडीचा दांडगा गडी, आत सोडायचा, दहा-पंधरा मिनिटं रणगाड्यासारखा चालवायचा, धाप लागली की बाहेर काढून दुसरा रणगाडा सोडायचा. तुमच्या शेजारच्या जुन्या माणसांनी पाहिलेले ‘राक्षस’ बहुधा त्या काळातले. २००१मध्ये सामन्यातल्या बदल्या १२वर आणल्या, २००८मध्ये १०वर, २०१६मध्ये ८वर. २०२०मध्ये आणखी एक खोच आली. बचावाने टॅकलनंतर रेंगाळून खेळ हळू केला तर पंच खेळ न थांबवता चढायांची मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. परिणाम असा की नुसता डोंगर चालेना, पळणारा डोंगर लागायला लागला. ब्रिस्बेनचा पेन हास ११० किलोच्या वरचा आहे आणि तरी इतर प्रॉप ज्या वेळेला बाकावर बसून पाणी पीत असतात त्या वेळेला तो अजून मैदानातच असतो. आज पहिल्या दर्जातल्या खेळाडूचं सरासरी वजन शंभराच्या आसपास आहे, पण ते शंभर किलो आता दमसास घेऊन येतात.

हे सगळं मी पगारी, पंचविशीतल्या, डॉक्टर दिमतीला असलेल्या माणसांबद्दल बोलतोय. गडबड झाली ती तीच मोजपट्टी पोरांना लावली तेव्हा.

२००८मध्ये एनआरएलने २० वर्षांखालच्यांची देशभराची स्पर्धा काढली. सामने टीव्हीवर दिसायचे, मोठ्यांच्या सामन्याआधी त्याच मैदानावर व्हायचे. खेळ बघायला झकास होता, खोटं कशाला बोलू, मीही बघायचो. पण १८-१९ वर्षांची पोरं मोठ्यांसारखा विमानप्रवास करत होती, मोठ्यांसारखी छाती कमवत होती, आणि २० संपली की त्यातल्या बहुतेकांना पुढे दारच नव्हतं. त्या वर्षांत काही तरुण खेळाडूंनी जीव दिला, आणि पोरांच्या मनावर काय ओझं पडतं याकडे या खेळाला नाइलाजाने का होईना बघावं लागलं. २०१७च्या हंगामानंतर ती स्पर्धा बंद झाली आणि पोरं पुन्हा आपापल्या राज्यांच्या स्पर्धांत खेळू लागली. न्यू साउथ वेल्समध्ये हॅरल्ड मॅथ्यूज कप पूर्वी १६ वर्षांखालच्यांचा असायचा, तो १७चा झाला. एसजी बॉल कप १८चा १९ झाला. त्यावर जर्सी फ्लेग, २१ वर्षांखालची. एकेक वर्षाची ही सरकवासरकव कागदावर किरकोळ दिसते. माझ्या मते गेल्या पंधरा वर्षांत पोरांच्या लीगमध्ये झालेली ती सगळ्यात शहाणपणाची गोष्ट, कारण उशिरा वाढणाऱ्याला तेवढंच एक वर्ष लागत असतं. पहिल्या दर्जात खेळायला १८ पूर्ण हवेत असाही नियम आला. २०२१मध्ये जोसेफ सुआली १७ वर्षांचा असताना त्याला उतरवायला खास परवानगी काढावी लागली. फिटलरच्या वेळी असलं काही कुणाला सुचलंही नसतं. आणि तळाशी, अगदी लहानग्यांमध्ये, आधी टॅगचा खेळ. कमरेची पट्टी ओढली की गडी धरला. टॅकल नीट शिकवल्याशिवाय करू द्यायचा नाही, असा आता दंडक आहे.

पेनरिथचं उदाहरण तर तुमच्या घरापासून अर्ध्या तासावर आहे. २०२१ ते २०२४, सलग चार विजेतेपदं. नेथन क्लियरी, जेरोम लुआई, ब्रायन टोओ ही पोरं त्यांच्याच कनिष्ठ संघांतून एकमेकांबरोबर वाढलेली. विकत आणलेल्या तयार गड्यांपेक्षा पोरं वाढेपर्यंत थांबण्यात फायदा आहे, हे त्यांनी ढाली जिंकून दाखवलं.

मग तुमच्या मुलाला ‘अंग नाही’ म्हणून परत का पाठवलं? कारण निवडीला बसलेला माणूस बहुतेक वेळा आजचा संघ निवडतो. इंग्लंडमध्ये लीड्स बेकेट विद्यापीठाचे केविन टिल आणि त्यांचे सहकारी लीग खेळणाऱ्या १३ ते १५ वर्षांच्या निवडलेल्या पोरांचा माग वर्षानुवर्षं काढत आलेत. निवडलेल्यांत वर्षाच्या पहिल्या तिमाहीत जन्मलेल्यांची आणि लवकर वयात आलेल्यांची गर्दी. आणि पुढे त्यांना काय आढळलं, तर उशिरा वाढणारी पोरं नंतरच्या वर्षांत जास्त भराभर सुधारली. म्हणून निवडकर्त्यांशी भांडू नका. एकच विचारा, ‘पुढच्या वर्षी याला पुन्हा बघाल ना?’ हो म्हणाले तर ठीक. ‘याचा सांगाडाच लहान आहे’ असलं काही ऐकवलं तर पुढच्या वर्षी दुसरीकडे प्रयत्न करा.

इथे माझ्या घरातली गोष्ट सांगतो, इतकी वर्षं सदर लिहितोय पण सांगितली नव्हती. माझा थोरला जानेवारीतला. तेराव्या वर्षीच माझ्या खांद्याच्या वर गेला. शनिवारी चेंडू त्याच्या हातात दिला की समोरची पोरं पत्त्यांसारखी पडायची आणि मी कठड्याला टेकून इतर बाबांकडे बघत उभा असायचो. कबड्डीवाल्या बापाची छाती किती फुगली असेल, कल्पना करा. प्रत्येक स्क्वॉडमध्ये निवड. प्रशिक्षक त्याला एकच सांगायचे, ‘सरळ घुस.’ त्याला डाव्या हाताने पास देता येत नव्हता, कारण द्यायची वेळच आली नाही. पंधराव्या वर्षी त्याची उंची थांबली. सतराव्या वर्षी बाकीची पोरं त्याच्याएवढी झाली, काही वर गेली, आणि त्या पोरांना पास देता येत होता, किक मारता येत होती, चकवता येत होतं, कारण लहान असताना त्यांना तेच करून जगावं लागलं होतं. त्या वर्षी याचं नाव यादीत आलं नाही. सहा महिने तो घरात कुणाशी धड बोलला नाही. आज तो इलेक्ट्रिशियन आहे, बुधवारी रात्री टच फुटी (नुसतं शिवून बाद करायची, बिनटॅकलची लीग) खेळतो, मजेत आहे. पण ते सहा महिने माझ्या नावावर जमा आहेत. मी गुरू होतो, मला कळायला हवं होतं.

त्यामुळे तुमचं पत्र वाचून मला पहिली काळजी वाटली ती ७४ किलोच्या पोराची.

आणि त्याच्याबद्दल तुम्ही ‘आयलँडर मुलगा’ एवढंच लिहिलंय. रागावू नका, पण हे जरा खटकलं. एनआरएलमधले जवळपास निम्मे खेळाडू सामोआ, टोंगा, फिजी, माओरी अशा प्रशांत महासागरी वंशाचे आहेत हे खरं. त्यावरून आपली मंडळी, आणि पुष्कळ प्रशिक्षकही, त्या समाजाच्या प्रत्येक पोराकडे अंग म्हणूनच बघतात. लुआई सामोअन वंशाचा, माउंट ड्रुइटकडचा, शरीराने सडपातळ, आणि आयुष्यभर डोक्याने खेळलेला. बेंजी मार्शल माओरी, त्याच्या बगलेतून निसटायच्या कसबाने २००५चं विजेतेपद आलं. तुमच्या मुलाला ‘भारतीय, म्हणजे अंग नाही’ म्हटलेलं तुम्हाला लागलं ना? मग त्या पोरालाही त्याच्या आईबाबांनी ठेवलेलं नाव असेल. त्याच्या आईशी शनिवारी बोला. मिसरूड फुटलेल्या बारा वर्षांच्या पोराच्या आईला दर सामन्याला समोरच्या पालकांकडून ‘दाखला दाखवा’ ऐकावं लागतं.

आता तुम्ही न विचारलेला, पण पत्रामागे उभा असलेला प्रश्न. लहान चणीचा माणूस या खेळात मोठा होऊ शकतो का? ॲलन लँगर १६५ सेंटिमीटर उंचीचा, ब्रिस्बेन ब्रॉन्कोजचा कप्तान. प्रेस्टन कॅम्पबेलही जवळपास तेवढाच, २००१चं डॅली एम पदक, म्हणजे हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान, त्याचं. जॉनथन थर्स्टनला तर ‘काटकुळा’ म्हणून क्लब घेईनात, आणि त्याने ते पदक पुढे चार वेळा जिंकलं. कॅमरन स्मिथचा बांधा बघून कुणी म्हणणार नाही की हा एनआरएलमध्ये ४३० सामने खेळलाय. ही नावं मुलाला जरूर सांगा, पण अर्धवट सांगू नका. लँगरचा काळ वेगळा होता. आजचे हाफबॅक, म्हणजे डाव रचणारे गडीसुद्धा, नव्वद किलोच्या घरात असतात, क्लियरीकडे बघा. आणि तुमच्या मुलाच्या संघातला कुणीही एनआरएलपर्यंत पोचण्याची शक्यता मुळातच फार कमी आहे, ७४ किलोवाल्याचीही. म्हणून आत्ता ‘तिथे पोचेल का’ हे मोजायचंच नाही. तो शनिवारी हसत घरी येतो का, एवढं बघा.

आणि डोकं बघा. तुमची सगळी भीती वजनाला चिकटलीय, ती तिथून सोडवून इकडे लावा.

वॉली लुइस, ज्याला क्वीन्सलँडमध्ये राजा म्हणतात, त्याने २०२३मध्ये जाहीरपणे सांगितलं की त्याला सीटीई असल्याची डॉक्टरांना दाट शंका आहे. वर्षानुवर्षं डोक्याला बसलेल्या हादऱ्यांतून होणारा हा मेंदूचा आजार. खेळाडू मोठे आणि वेगवान झाल्याचा हिशेब तिथे चुकता होतोय. म्हणून खांदा मारून पाडणं २०१३पासून बंद झालं, मानेच्या वरच्या टॅकलला आता कडक शिक्षा आहे. पोरांसाठी ऑस्ट्रेलियाचा सध्याचा दंडक असा: कन्कशन (डोक्याला हादरा बसून मेंदूला इजा) झालं, किंवा नुसती शंका आली, तरी त्या दिवशी पुन्हा मैदानात नाही. लक्षणं पूर्ण गेल्यानंतर १४ दिवस उलटल्याशिवाय धडकेचा सराव नाही, आणि २१ दिवसांच्या आत सामना नाहीच. निवृत्तीनंतर मी शनिवारी प्रथमोपचाराची पिशवी घेऊन मैदानावर उभा असतो. दोन हंगामांमागे एक पोरगा पडला, उठला आणि चुकीच्या बाजूला पळायला लागला. मी त्याला बाहेर घेतलं तर त्याचे वडील माझ्यावर धावून आले, ‘फायनल आहे, त्याला काही झालेलं नाही!’ पोराला विचारलं आज वार कुठला, तर म्हणाला, शाळा आहे. ते वडील तुम्ही होऊ नका, बाकी काहीही व्हा.

एक गंमत ठाऊक असू द्या. हादरा चेंडूवाल्यापेक्षा टॅकल करणाऱ्याला जास्त वेळा बसतो, तोही डोकं चुकीच्या जागी गेल्यामुळे. इथे तुमच्या ३८ किलोच्या पोराची चांदी आहे. आपण घोटा पकडायचो ना, तसं त्याने खाली जायचं. पाय धरले की भीमसुद्धा आडवा. मात्र डोकं गड्याच्या पुढ्यात नाही, बाजूला. गाल त्याच्या कुल्ल्याला भिडलेला, आपलं पाऊल त्याच्या पावलाजवळ, दोन्ही हातांची मिठी, नजर वर. मान खाली घालून, डोळे मिटून शिरला की गुडघा लागलाच म्हणून समजा. प्रशिक्षकाला जाऊन विचारा, दर सरावात टॅकलवर किती वेळ देता, आणि जोड्या लावताना अंग बघता की नाही. सरावात ३८ किलोवाल्याची जोडी ७४शी लावणारा प्रशिक्षक असेल तर क्लब बदला, त्यात संकोच करू नका. वेंटवर्थविलच्या आसपास क्लबांना तोटा नाही. माउथगार्ड दंतवैद्याकडून बनवून घ्या. हेडगिअर हवं तर घाला, कान आणि कातडी वाचते, पण आत मेंदू हलायचा तो हलतोच.

पावडरचं उत्तर एका शब्दात, नको. १३ वर्षांच्या पोराला तिची गरज नाही, आणि डब्यात नेमकं काय आहे याची खात्री त्या डब्यावरचा फोटो देत नाही. सिडनीतल्याच एका क्लबात २०११ साली पगारी खेळाडूंना पेप्टाइड, म्हणजे खेळात बंदी असलेली औषधं, दिली गेली आणि २०१४मध्ये त्यातल्या अनेकांना बंदी पत्करावी लागली. आपल्याला काय टोचतायत ते नीट माहीत नव्हतं, असं त्या मोठ्या माणसांचं म्हणणं होतं. तुमचं पोरगं तर आरशासमोर उभं आहे. त्याला भूक लागते ती शाळा सुटल्यावर आणि सरावाच्या आधी, नेमकी तेव्हाच गाडीत चिप्सची पिशवी असते. तिच्या जागी केळं, दूध, दोन उकडलेली अंडी, शेंगदाण्याचा लाडू ठेवा. लाडू गाडीतच, कारण इथल्या पुष्कळ शाळांत डब्यात शेंगदाणा नेऊ देत नाहीत. रात्री उसळ-भाकरी, दही, जे घरात शिजतं ते पोटभर. आणि साडेनऊला फोन बाहेरच्या खोलीत. वाढ झोपेत होते.

जिमला माझी ना नाही. वजन उचललं की उंची खुंटते ही आपल्याकडची समजूत, तिला आधार नाही, बघणारा जाणता माणूस शेजारी हवा एवढंच. पण या वयात जोर, बैठका, दोरीवर चढणं, सूर्यनमस्कार यांनी जे होतं ते पुरेसं आहे, फुकट आहे आणि बाप-लेक बरोबर करू शकतात. उंची सुटेल तेव्हा गुडघ्याखालचा उंचवटा किंवा टाच दुखायला लागली तर ‘पुरुषासारखा सहन कर’ म्हणू नका. वाढत्या हाडाला ताण पडतोय, पळणं कमी करून फिजिओला दाखवा.

क्रिकेटबद्दल तुम्ही असं विचारलंय जणू दोन्हीतलं एकच निवडायचंय. अहो, लीग हिवाळ्यातली आणि क्रिकेट उन्हाळ्यातलं! इथली निम्मी पोरं दोन्ही खेळतात. ऑक्टोबरात त्याला बॅट द्या. एकच खेळ बारा महिने लादण्यापेक्षा हे सांध्यांनाही बरं. पंधराव्या वर्षी तो स्वतःच काय ते ठरवेल, तोवर त्याचं अंगही काही ठरवून मोकळं झालेलं असेल.

सौं.ना या शनिवारी डोळे उघडे ठेवायला सांगा. पोराला टॅकल केलेला दिसतो, पण पोराने केलेला बघायचा राहून जातो. तो फोनवर टिपून सांगलीला पाठवा. आईंनी मैदानाबाहेर उभं राहून किती तरी चढाया बघितल्या असतील, घोटा पकडलेला त्यांना बरोबर कळेल. पुढच्या फोनवर त्या मारामारीचं विचारणार नाहीत, पकडी किती झाल्या ते विचारतील.

तुमचा,
सर